मशीन आपलं, पण चावी कुणाकडे?

आज राजकारण नाही. आज एका तळहाताएवढ्या बोर्डाबद्दल लिहितोय. शेवटपर्यंत वाचा, कारण विषय एकट्या सुताराचा नाही.

माझा मावसभाऊ अंथुर्ण्यात दारं-चौकटी, देवघरं करतो. दोन वर्षांपूर्वी त्याने कर्ज काढून जुनं सीएनसी राऊटर घेतलं. संगणकात नक्षी टाकायची, मशीन लाकडावर कोरून देतं. तेव्हा बातमी मीच केली होती. फोटो काढला, पेढा खाल्ला, किंमत विचारली. बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, हे काही विचारलं नाही. ती चूक माझी.

यंदा ऐन लग्नसराईत डीपीवर काहीतरी झालं. लाईट गेली आणि आली ती वाढीव होल्टेजची. मोटारी वाचल्या, मोटारींचे ड्रायव्हरही वाचले, पण कंट्रोलर जळाला. सहा दारांचा इसार घेतलेला. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, अख्खा डबाच नवा घ्यावा लागेल. वायरिंगचा नकाशा मिळणार नाही, सेटिंगचा पासवर्ड मिळणार नाही. भाऊ म्हणाला, "दादा, पैसे मी दिले, मशीन माझ्या शेडात आहे, आणि पासवर्ड त्याच्याकडे?"

मग आम्ही दोघं पर्याय शोधायला बसलो.

पहिला पर्याय माक थ्री. खूप जण अजून वापरतात. पण त्याची जुनी पद्धत म्हणजे पॅरलल पोर्टवाला संगणक लागतो, आणि तो पोर्ट आता नव्या संगणकाला नसतोच. दुसरा, ईएसपी 32 चा बोर्ड आणि त्यावर फ्लुइडएनसी. वेगवान, वायफाय आहे, मेमरी कार्डवरून काम चालतं. भावाचं मन यावर बसलं होतं. तिसरा, साधा आर्डुइनो ऊनो आणि त्यावर जीआरबीएल.

जीआरबीएल 2009 मध्ये नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी सुरू केलं. फुकट आहे आणि खुलं आहे. कोणीही उघडावं, वाचावं, बदलावं. ऊनोची मेमरी फक्त 32 केबी, तेवढ्यात हे बसतं. भाऊ म्हणाला, "एवढ्याशा बोर्डाला झेपेल का?"

हिशोब मांडला. मोटार एका फेऱ्यात 200 पावलं टाकते. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे 8 भाग करतो, म्हणजे 1600. स्क्रूचा पिच 5 मिलिमीटर. म्हणजे दर मिलिमीटरला 320 पावलं. मिनिटाला 3000 मिलिमीटर वेग धरला तरी सेकंदाला 16,000 पावलं होतात. जीआरबीएल ऊनोवर साधारण 30,000 पर्यंत जातं. सागवान कोरायला एवढा वेगही लागत नाही.

शिवाय ऊनो 5 व्होल्टचा सिग्नल देतो, आमच्या ड्रायव्हरला तोच लागतो. ईएसपी 32 चा सिग्नल 3.3 व्होल्टचा, मध्ये आणखी एक सर्किट आलं. चौथा अक्ष हवा असेल किंवा संगणकाशिवाय चालवायचं असेल तर ईएसपी 32 च घ्यावा, ऊनोला काम संपेपर्यंत संगणक जोडून ठेवावा लागतो. पण आमचं काम तीन अक्षांचं. ऊनो, कनेक्शनचा बोर्ड आणि वायरी असं सगळं दीड हजाराच्या आत बसलं. एक जादा ऊनो ड्रॉवरमध्ये ठेवला.

पहिल्या दिवशी फजिती झाली. अर्ध्या दारात मशीन थांबायचं, पडद्यावर अलार्म. आम्ही बोर्डाला शिव्या देत बसलो. आमच्या पट्ट्यात वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटचे भाग बनतात. तिथून निवृत्त झालेले एक काका शेजारीच राहतात. ते आले, शेडात फिरले आणि म्हणाले, "बोर्ड बरोबर आहे रे, तुमची अर्थिंग कुठाय?" स्पिंडलची केबल आणि लिमिट स्विचची वायर एकत्र बांधलेली. स्पिंडलच्या ड्राइव्हचा गोंगाट स्विचच्या वायरीत शिरत होता. नवी अर्थिंग केली, शिल्डेड केबल टाकली, वायरी वेगळ्या केल्या. अलार्म बंद. काकांनी आणखी एक बजावलं: लाल इमर्जन्सी बटण सॉफ्टवेअरच्या भरवशावर ठेवू नका, त्याने थेट स्पिंडलची आणि ड्रायव्हरची वीज तुटली पाहिजे.

लाईट तर इथे जातेच. गेली की मशीन आपली जागा विसरतं. पण होमिंग स्विच असले की ते पुन्हा मूळ कोपरा शोधतं, आणि कामाचा शून्य जी 54 मध्ये ठेवला असेल तर तो बोर्डात जपलेला असतो. एक दार असंच वाचलं. सहापैकी पाच दारं वेळेत गेली, सहाव्याला चार दिवस उशीर झाला.

हे सगळं का सांगतोय? आपल्याच जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम काढला, हाताने काम करत शिकायचं म्हणून. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक 2002 मध्ये तिथेच उभी राहिली. म्हणजे खेड्यातल्या पोरांना हे जमत नाही, असं कुणी सांगू नये. अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान मिळतं. गावोगावी मशीनं येताहेत, उद्घाटनं होताहेत. मीही त्या बातम्या करतो.

यापुढे मात्र फीत कापायच्या आधी चार प्रश्न विचारणार आहे. वायरिंगचा नकाशा दिला का? पासवर्ड कुणाकडे आहे? सेटिंगची प्रत काढून ठेवली का? सुटा भाग बारामतीत मिळतो का, नसेल तर निदान पुण्याच्या तपकीर गल्लीत? सरपंच, मुख्याध्यापक, शाळा समितीवाले, तुम्हीही बिलावर सही करण्याआधी विचारा.

आणि भावाच्या मशीनची सगळी सेटिंग आम्ही वहीत लिहून शेडाच्या भिंतीला टांगली आहे. कुणाला हवी असेल तर या, फोटो काढून न्या. तुमच्याकडे एखादं मशीन पासवर्डवाचून पडून असेल तर खाली लिहा, सगळ्यांची मिळून एक बातमी करू.