उतरण्याची जागा

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयाचा मराठी विभाग आमच्या दोघांवर चालतो, आणि घरही. अशा माणसांनी रात्री जेवणे आटोपल्यावर मोबाइलवर रोलर कोस्टर बांधत बसावे, ही काही सहकाऱ्यांना सांगण्याजोगी गोष्ट नव्हे. पण वर्गात घडलेल्या एका प्रसंगाचा अर्थ आम्हांला या खेळाच्या आधाराने थोडाफार लागला, म्हणून हा कबुलीजबाब.

खेळाचे नाव 'रोलरकोस्टर टायकून'. ख्रिस सॉयर या स्कॉटिश माणसाने त्याचे प्रोग्रॅमिंग बहुतांशी असेंब्ली भाषेत केले आणि १९९९ साली तो बाजारात आला. एम. ए.ला असताना विद्यापीठाजवळच्या सायबर कॅफेत आम्ही तो पहिल्यांदा पाहिला. तासाचे पैसे मोजून उद्याने उभारली आणि बुडवली. पुढे नेट-सेट, नोकरी, संसार यांत तो विसरला. २०१६मध्ये त्याची मोबाइलवरची आवृत्ती आली. काही वर्षांनी लेकीने ती घरात आणली आणि आमचे जुने व्यसन जागे झाले.

यात एक काल्पनिक उद्यान असते. त्यात आपण रूळ टाकायचे, पहिला उंच चढ साखळीने चढवायचा, मग उतार, वळणे, उलटे फेरे. पहिल्या चढावर जेवढी उंची कमावली, तेवढ्याच भांडवलावर पुढचा सारा प्रवास चालतो. मध्ये पुन्हा साखळी लावली नाही तर पुढचा प्रत्येक डोंगर आधीच्या हिशेबाने ठेंगणा ठेवावा लागतो. कथेची बांधणी शिकवणाऱ्याला हे नवे नाही. रिकामी गाडी एकदा सोडून पाहिली की खेळ तीन आकडे देतो : रंजकता, तीव्रता आणि मळमळ. नवखा खेळाडू तीव्रता वाढवत सुटतो. आम्हीही तेच केले. तीव्रतेचा आकडा दहाच्या पुढे गेला आणि रंजकतेचा कोसळला. माणसे फाटकापर्यंत येत, वर पाहत आणि मागे फिरत. त्या चिमुकल्या माणसांपैकी कोणावरही बोट ठेवले तर त्याच्या मनात काय चालले आहे तेही वाचता येते. मुकाट बसलेल्या वर्गापुढे वीस वर्षे उभे राहिलेल्या आम्हांला या सोयीचा फार हेवा वाटला.

आता वर्गातला प्रसंग. दलित आत्मकथनांच्या अभ्यासपत्रिकेत आम्ही दया पवारांचे 'बलुतं' शिकवत होतो. तास आमच्यापैकी एकाचा होता. कोणाचा, याला महत्त्व नाही, कारण पद्धत दोघांची एकच. महारवाड्यातल्या दिवसांविषयीचा भाग आम्ही मोठ्याने वाचतो, आणि संकोच सोडून सांगायचे तर चांगला वाचतो. वर्ग स्तब्ध झाला. दोघींनी डोळे पुसले. घंटा झाली आणि पाचच मिनिटांत तीच मुले उपाहारगृहाच्या पायऱ्यांवर हसत-खिदळत होती. आम्ही ती स्तब्धता आपल्या यशाच्या खात्यावर जमा केली.

एक मुलगी मात्र वाचन अर्ध्यावर असतानाच उठून गेली होती. दुसऱ्या दिवशी विचारले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, तास संपला की सगळे बाहेर पडतात. मला तिथंच घरी जायचं असतं."

आम्हांला उत्तर सुचले नाही. रात्री खेळ उघडला, तोही सवयीने. पूर्वी वाचलेली एक हकीकत तेव्हा आठवली. २०१२ साली याच खेळमालिकेतल्या एका खेळाडूने 'मिस्टर बोन्स' या नावाने एक सवारी बांधली आणि तिची चित्रे महाजालावर टाकली. ती इतकी लांब आणि इतकी संथ होती, की खेळातल्या कालगणनेप्रमाणे प्रवासी वर्षानुवर्षे गाडीतच होते. प्रत्येकाच्या मनात एकच विचार : उतरायचे आहे. आणि बाहेर पडणारी वाट फिरून पुन्हा त्याच सवारीपाशी येत होती. तिच्यात ना मोठा उतार होता, ना उलटा फेरा. उतरण्याची जागा तेवढी काढून घेतली, आणि करमणुकीची यातना झाली.

अभिनवगुप्ताने रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतले एक 'निजसुखादिविवशीभाव', म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखाने ग्रासलेला असणे. त्यावरचा उपायही तो सांगतो : गायन, वादन, सजवलेला नाट्यमंडप. हे विघ्न आम्ही आजवर प्रेक्षकाचे उणेपण म्हणून शिकवत आलो. स्वतःला विसरू न शकणारा तो कच्चा रसिक, असा त्या शिकवण्याचा सूर असे. त्या मुलीच्या एका वाक्याने तो सूर बेसूर केला. उतारावर किंचाळणाऱ्या प्रवाशाला भीतीचा आनंद घेता येतो, कारण खाली फलाट आहे हे त्याला ठाऊक असते. त्या स्तब्ध वर्गातल्या अनेकांना असा फलाट होता आणि आम्हांलाही होता. ज्याला आम्ही रसिकतेचा गुण समजत होतो, तो पुष्कळसा जन्माने मिळालेला परतीचा रस्ता होता. शिवाय आम्ही तर आराखडा काढणारे. हे पुस्तक इतक्यांदा शिकवून झाले होते, की कोणते वळण कुठे येते हे पाठ होते. गाडीत बसून किती वर्षे झाली, हेच आठवत नव्हते.

मग काय, पुस्तक काढून टाकायचे? अभ्यासक्रमाच्या फेररचनेच्या वेळी 'थोडे हलके काही' अशी सूचना आलीही. ती आम्ही मानली नाही. 'बलुतं' सौम्य करून वाचणे हा लेखकाचा अपमान, आणि त्या मुलीचाही. इथे खऱ्या रोलर कोस्टरचा इतिहास आमच्या मदतीला आला. १८९५ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर 'फ्लिप फ्लॅप' नावाच्या सवारीत उलटा फेरा होता, पण तो अचूक वर्तुळाकार. गाडी सपाट रुळावरून एकाएकी त्या वर्तुळात शिरे आणि माणसांच्या माना दुखावत. ती सवारी टिकली नाही. १९७६ साली कॅलिफोर्नियात अँटन श्वार्झकॉफ आणि वेर्नर श्टेंगेल या जर्मनांनी 'रिव्होल्यूशन'मध्ये उलटा फेरा पुन्हा बांधला. तो होता पाण्याच्या थेंबासारखा : खाली वळण मोठे आणि सावकाश, माथ्यावर लहान. माणूस तेव्हाही पूर्ण उलटा होतोच. फक्त वळणात शिरण्याची आणि त्यातून निघण्याची रीत बदलली.

आम्ही जे बदलले ते एवढेच. पुढच्या तासाला काय वाचले जाणार आहे, ते आदल्या तासाला सांगतो. ज्याला बसायचे नसेल त्याची हजेरी कापत नाही. 'हृदयद्रावक प्रसंगांचे वर्णन करा' हा प्रश्न प्रश्नपत्रिकेतून काढला, कारण तो कोणाला तरी आपले घर गुणांसाठी मांडून ठेवायला लावत होता. आणि वाचनानंतरची एक तासिका मोकळी ठेवली. ही शेवटची कल्पना लेकीची म्हणायला हवी. आमच्या उद्यानात सवारीतून उतरलेली माणसे वाटेवरच ओकत होती आणि आम्ही सफाई कामगार वाढवत होतो. ती म्हणाली, "बाबा, बाहेर बाकं ठेवा ना. बसली की बरी होतात." खरोखरच होतात, खेळात तशी तजवीजच आहे.

या मोकळ्या तासिकेत कोणी बोलते, कोणी गप्प बसते. परीक्षेत तिच्यावर प्रश्न नाही, म्हणून उपस्थिती बेताचीच असते. ती मुलगी मात्र येते. अजून काही बोललेली नाही, आणि तिच्या मनातले वाचायला आमच्यापाशी कळ नाही. दाराजवळच्या बाकावर बसते. दार आम्ही उघडे ठेवतो.