अवघड जागेची गाठ

‘अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर’ ही म्हण माझ्या ओपीडीत वारंवार खरी होते. तरुण मुलगा येतो, ॲसिडिटीची तक्रार सांगतो, गोळ्या लिहून घेतो आणि दाराशी गेल्यावर मागे वळतो. “डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं...” तो खरं तर तेवढ्यासाठीच आलेला असतो.

वृषणाच्या कर्करोगात बहुतेकदा दुखतही नाही, आणि नेमकं तिथेच फसायला होतं. अंघोळ करताना हाताला वाटाण्याएवढं टणक काहीतरी लागतं, किंवा एक बाजू जड, मोठी वाटते. दुखत नाही म्हणून कामावर जाणं थांबत नाही. शिवाय कारणही शोधून ठेवलेलं असतं: क्रिकेटचा बॉल लागला होता, बाईकच्या टाकीवर आपटलो होतो. पण मार लागल्याने हा कर्करोग होत नाही. मार लागला म्हणून तिथे हात जातो आणि आधीपासूनची गाठ सापडते, इतकंच.

वयही फसवं. हा आजार मुख्यतः १५ ते ४० या वयात दिसतो आणि कॅन्सर म्हणजे आजोबांचा आजार, असं तेव्हा वाटत असतं. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगनेही सूज अंगावर काढली होती. १९९६मध्ये, पंचविसाव्या वर्षी निदान झालं तेव्हा आजार फुप्फुसं आणि मेंदूपर्यंत पोहोचला होता. तरीही तो बरा झाला, कारण सिसप्लॅटिन हे औषध या कर्करोगावर विलक्षण चालतं. पण लवकर आलेल्या रुग्णाला अनेकदा केमोथेरपी लागतच नाही.

रोज चाचपत बसू नका, त्याने फक्त धास्ती वाढते. एक बाजू थोडी खाली असणं नॉर्मल आहे. मागच्या बाजूला दोरीसारखा मऊ भाग लागतो, तोही नॉर्मल. त्याला घाबरून येणारेही बरेच! वृषणातच टणक गाठ वाटली तर मात्र त्याच आठवड्यात दाखवा. लहानपणी वृषण खाली न उतरल्याने ऑपरेशन झालं असेल, तर जास्तच लक्ष ठेवा. आणि अचानक जोरात दुखू लागलं तर थेट इमर्जन्सीत जा. वृषणाला पीळ पडला असेल तर काही तासांचाच अवधी असतो.

तपासणी म्हणजे सोनोग्राफी आणि रक्तातले एएफपी, बीटा-एचसीजी, एलडीएच. इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक दिलं आणि सूज उतरली नाही, तर सोनोग्राफी मागून घ्या. संशय असेल तर सुई घालून तुकडा काढत नाहीत. जांघेतून छेद घेऊन ते वृषण काढतात.

इथे पुढचा प्रश्न येतो, बहुधा वडील खोलीबाहेर गेल्यावर: “लग्न, मूल... सगळं होईल ना?” दुसरं वृषण निरोगी असेल तर साधारणपणे होतं. तरीही उपचारांआधी वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल विचारा. केमोथेरपी सुरू झाल्यावर ते विचारायला उशीर झालेला असतो.