हिरव्या भिंतीच्या सावलीत

परदेशी राहणाऱ्या लेकीकडे जाऊन आलेल्या माणसांना शेजारीपाजारी विचारतात, "काय काय पाहिलंत?" बॉस्टनहून परतल्यावर मी हार्वर्ड विद्यापीठ, चार्ल्स नदी, समुद्रकिनारा अशी नावे घ्यायला सुरुवात केली, की आमचे 'हे' मध्येच तोंड घालतात, "आधी ते मैदान सांग!"

हे क्रिकेटचे जुने वेडे. बेसबॉल म्हणजे आपल्या क्रिकेटची बिघडलेली आवृत्ती, असे यांचे ठाम मत. म्हणून जावईबापूंनी 'फेनवे पार्क' दाखवायचा घाट घातला, तेव्हा हे नाखुशीनेच निघाले. केनमोर स्टेशनवर उतरून पाच-दहा मिनिटे चाललो, तर घरा-दुकानांच्या गर्दीत लाल विटांची एक जुनी इमारत. मला तर ती गिरणीच वाटली. आत शिरलो आणि समोर हिरवेगार गवत!

'बॉस्टन रेड सॉक्स' म्हणजे लाल मोजेवाले. या संघाचे हे घर २० एप्रिल १९१२ रोजी उघडले. पाचच दिवसांपूर्वी टायटॅनिक बुडाली होती. अमेरिकेतल्या मोठ्या बेसबॉल संघांच्या मैदानांत आज हेच सर्वांत जुने. डावीकडे ३७ फूट उंच हिरवी भिंत आहे. तिला लाडाने 'ग्रीन मॉन्स्टर', हिरवा राक्षस म्हणतात. मूळची भिंत बाहेरच्या रस्त्यावरून फुकट सामना पाहणाऱ्यांना अडवण्यासाठी उभारलेली. आजची १९३४ सालची, आणि तिला हिरवा रंग मिळाला १९४७ साली. तिच्या पोटातला धावफलक अजून माणसे हाताने पाट्या लावून बदलतात. ते पाहिल्यावर यांचा चेहरा जरा उजळला. "आपल्यासारखंच की!" म्हणाले.

मैदान दाखवणारे आजोबा गोष्टीवेल्हाळ होते. उजवीकडच्या हिरव्या खुर्च्यांच्या समुद्रात एकच खुर्ची लाल. ९ जून १९४६ रोजी टेड विल्यम्सने मारलेला चेंडू ५०२ फुटांवर जाऊन तिथे बसलेल्या एका गृहस्थाच्या गवती टोपीवर आदळला! या मैदानावरचा तो सर्वांत लांब होमरन मानतात. होमरन म्हणजे आपला षटकार समजा.

मग त्यांनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवले. रेड सॉक्सने १९१८ पर्यंत पाच वेळा 'वर्ल्ड सिरीज' जिंकली होती. बेब रूथ नावाचा हिरा त्यांच्याकडे होता. पण मालकाने तो न्यूयॉर्कच्या यांकीजना एक लाख डॉलरला विकला. १९२० च्या जानेवारीत ही बातमी जाहीर झाली. तोवर एकही अजिंक्यपद नसलेले यांकीज पुढे जिंकतच सुटले आणि बॉस्टनच्या नशिबी आली प्रतीक्षा. लोक म्हणू लागले, हा रूथचा शाप! १९४६, १९६७, १९७५, १९८६. चार वेळा संघ अंतिम मालिकेत पोचला आणि चारही वेळा शेवटच्या, सातव्या सामन्यात हरला.

१९७५ च्या सहाव्या सामन्याची आठवण तर हसू आणि आसू एकत्र आणणारी. मध्यरात्र उलटून गेली होती, बारावा डाव चालू होता. कार्लटन फिस्कने चेंडू टोलवला. तो सीमेच्या आत पडणार की बाहेर? फिस्क धावायचा विसरून दोन्ही हातांनी चेंडूला जणू "आत जा, आत जा" असे ढकलत होता. चेंडू सीमेच्या खांबावर आदळला. जिंकले! पण दुसऱ्या दिवशी सातवा सामना गमावला.

आणि १९८६! २५ ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये विजय एका बळीवर येऊन ठेपला होता. मेट्स संघाने बरोबरी साधली. मग एक साधा सरपटी चेंडू बिल बकनरकडे आला आणि त्याच्या दोन पायांमधून निघून गेला. सामना गेला, दोन दिवसांनी मालिकाही गेली. बरोबरी तर त्या चेंडूच्या आधीच झाली होती, बकनरचे घोटे दुखावलेले होते. पण लोकांनी सगळे खापर त्याच्याच माथी फोडले.

इथे हे एकदम म्हणाले, "म्हणजे यांचा चेतन शर्माच!" खरेच की. त्याच वर्षी, एप्रिलमध्ये, शारजाला शेवटच्या चेंडूवर मियाँदादने चेतनला षटकार मारला होता. आमच्या घरात त्या रात्री कुणी धड जेवले नव्हते. पण चेतनचे नशीब थोर. पुढच्याच वर्षी आपल्या नागपुरात त्याने विश्वचषकातली पहिली हॅट्ट्रिक घेतली आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. बकनरला मात्र एकवीस वर्षे थांबावे लागले. ८ एप्रिल २००८ रोजी हंगामातल्या घरच्या पहिल्या सामन्याचा मानाचा चेंडू टाकायला त्याला फेनवेवर बोलावले. तो भिंतीकडून चालत आला, सारे मैदान उभे राहून टाळ्या वाजवत राहिले, आणि तो डोळे पुसत होता. बकनर २०१९ साली गेला. बरे झाले, त्या टाळ्या त्याने ऐकल्या.

त्याआधी, २००४ साली शाप उतरला होता. यांकीजविरुद्ध तीन सामने हरलेले, चौथ्यात शेवटच्या डावात एका धावेने मागे. बदली आलेल्या डेव्ह रॉबर्ट्सने दुसरा बेस पळून चोरला, काही क्षणांत बरोबरी झाली आणि बाराव्या डावात डेव्हिड ऑर्टिझच्या होमरनने सामना जिंकला. मग एकामागून एक चारही! तीन सामने मागे पडून मालिका जिंकण्याचा पराक्रम तिथल्या मोठ्या बेसबॉल स्पर्धांत तोवर कुणी केला नव्हता. अंतिम मालिका २७ ऑक्टोबरला सेंट लुईसमध्ये जिंकली, तेव्हा आकाशात चंद्रग्रहण होते. ८६ वर्षांनी ग्रहण सुटले म्हणायचे!

"दुसऱ्या दिवशी लोक कुठे गेले माहीत आहे?" आजोबांनी विचारले. "स्मशानभूमीत. वर्तमानपत्रं, टोप्या, झेंडे घेऊन. वाट बघत गेलेल्या वडिलांना, आजोबांना सांगायला, की आपण जिंकलो."

हे काही बोलले नाहीत. आमचे मामंजी रेडिओला कान लावून क्रिकेट ऐकायचे. १९८२ च्या दिवाळीत ते गेले. पुढच्या जूनमध्ये कपिलने लॉर्ड्सवर चषक उचलला, तेव्हा गल्लीत फटाके वाजत होते आणि हे आत देवघराशेजारच्या फोटोपुढे उभे होते. पेढा ठेवला होता की नुसतेच उभे होते, ते मी कधी विचारले नाही.

बाहेर पडताना यांनी दुकानातून एक लाल मोज्यांच्या चित्राची टोपी घेतली. मला वाटले, नातवासाठी. घरी आल्यावर पाहते, तर ती मामंजींच्या फोटोच्या खुंटीला अडकवलेली. बिघडलेल्या क्रिकेटबद्दल त्यानंतर आमच्याकडे कुणी वाईट बोललेले नाही.