पास्ता, मोठ्याचं आणि कोकमाचं आगळ

माझी लेक कर्जतहून लोकलने कॉलेजला जाते. मागच्या रविवारी तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. "अम्मी, हा पास्ता करू या." बघते तर इटालियन पाककृती. बीफ आणि रेड वाइनचा सॉस!

मी म्हटलं, "यातलं काहीच आपल्या घरात चालत नाही."

"पण दोन्ही एकाच कारणाने चालत नाहीत का?"

वर्गात मुलांना 'प्रश्न विचारा' म्हणणारी मी, घरात मात्र अडखळले.

वाइनचं उत्तर सोपं आहे. सूरह माइदामध्ये दारूची मनाई आहे. शिजवल्यावर ती उडून जाते, असं काही जण म्हणतात. अमेरिकेच्या कृषी खात्याचा तक्ता वेगळंच सांगतो: तासभर शिजवल्यावरही सुमारे २५ टक्के अल्कोहोल उरतं, अडीच तासांनी सुमारे ५ टक्के. पण तक्ता नसता तरी मी वाइन घातली नसती. ही मनाई मी मनापासून मान्य केलेली आहे.

बीफचं तसं नाही. ती मनाई दीनची नाही, कायद्याची आहे. महाराष्ट्रात १९७६ चा कायदा गाईपुरता होता. मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस आणि रेडा त्या बंदीत नाहीत, फक्त कत्तलीआधी दाखला लागतो. आपण ज्याला 'मोठ्याचं' म्हणतो ते हेच. म्हणजे मी लेकीला चुकीचं सांगितलं होतं. मोठ्याचं आपल्या घरात चालतं. चालत नाही तो शब्द. तो चारचौघांत उच्चारायला मी घाबरते.

मग आम्ही कामाला लागलो. अर्धा किलो मोठ्याचं, बारीक तुकडे करून. चार कांदे मंद आचेवर गुलाबी होईपर्यंत परतले, त्यात लसूण, मग मटण. भांड्याच्या तळाला करपट लागलं की तिकडे वाइन ओततात. वाइनचं काम म्हणजे तळ सोडवणं, आंबटपणा देणं आणि थोडी तुरट चव आणणं. आम्ही वाटीभर डाळिंबाचा रस ओतला आणि वर दोन चमचे कोकमाचं आगळ. आगळात मीठ असतं, म्हणून वरून मीठ बेतानंच. चार टोमॅटो, दोन तमालपत्रं, मिरपूड. झाकण ठेवून मंद गॅसवर अडीच तास. तोवर माझ्या उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा तपासून झाला. रंग असा गडद लाल आला की लेक म्हणाली, "अम्मी, वाइनची गरजच काय?"

पास्ता छान झाला. सोमवारी तिला तो डब्यात न्यायचा होता. डबा भरताना माझ्या तोंडून निघून गेलं, "कुणी विचारलं तर बकऱ्याचं आहे म्हण."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तू वर्गात खोटं बोलू नका शिकवतेस ना?"

मी काय सांगणार? गाडीत, डब्यावरून, संशयावरून काय काय होतं, ते आपण सगळे वाचतो. आईच्या पोटातली भीती कायद्याचं कलम वाचून जात नाही. पण वाइन सोडताना माझी मान ताठ होती आणि हलाल, कायदेशीर घास लपवताना ती खाली गेली होती. हा फरक लेकीला दिसला, मला इतकी वर्षं दिसला नव्हता.

"खरं सांग," मी म्हटलं. "पण आधी सांग, मग डबा उघड. ज्याला नको असेल त्याला आग्रह नको."

दिवसभर जीव टांगणीला होता. संध्याकाळी ती आली. दोन मैत्रिणींनी खाल्लं. तिसरी म्हणाली, "आमच्यात चालत नाही," आणि स्वतःच्या डब्यातली थालीपीठं पुढे केली. चौघी एकाच बाकावर जेवल्या.

लेकीने डबा घासायला टाकला आणि विचारलं, "पुढच्या रविवारी जास्त करशील?"