सोनं गेलं, डबा राहिला

मुलींना दागिन्यांचं वेड असतं म्हणतात. मला त्यांच्या डब्यांचं आहे! माझ्याकडे खरे दागिने म्हणाल तर सोन्याचे दोन जोड कानातले, बाकी सगळी ऑक्सिडाइज्डची माया. पण दागिन्यांचे डबे मात्र अकरा. फ्रीलान्सरच्या उत्पन्नात सोनं परवडत नाही, हे एक कारण आहेच. २०२५ मध्ये तर सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलं. पण खरं कारण वेगळं आहे, ते पुढे सांगते.

कलेक्शन म्हटलं की लोकांना वाटतं, काहीतरी महागडं, काचेच्या कपाटातलं असणार. तसं काही नाही हो! नाशिकमध्ये राहत असाल तर अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम आहे. बुधवारी गंगेवरचा बाजार (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात), तिथून चालत भांडी बाजार आणि मग सराफ बाजार. पितळ-तांब्याच्या कामासाठी हे शहर पूर्वीपासून प्रसिद्ध. नवी भांडी घेताना जुनी मोडीत द्यायची, ही इथली पद्धत. त्या मोडीच्या ढिगात घंगाळी, तपेली, समया यांच्या खाली कधीकधी दबलेला असतो एखादा डबा. आखूड पायांचा, वर कडी-कोयंडा असलेला. दुकानदार तो वजनावर देतो. त्याच्या लेखी ते पितळ!

मग ओळखायचं कसं? सोपं आहे. हाताने घडवलेल्या डब्यावर हातोडीचे ठोके दिसतात, पत्रा सगळीकडे सारखा जाड नसतो आणि कुठेतरी झाळलेला सांधा सापडतो. खरी झीज असते ती बोट लागतं तिथे, म्हणजे कडीवर, झाकणाच्या पुढच्या कडेला, बिजागरीत. सगळीकडे सारखाच काळपटपणा आणि कडा मात्र धारदार असतील, तर समजा, डबा मुद्दाम म्हातारा केलाय. आणि घरी आणल्यावर प्लीज चिंच-पितांबरी घेऊन बसू नका. तो काळपटपणा म्हणजेच त्याचं वय.

डब्यांच्याही जाती असतात. लाकडी फणेरपेटी घ्या. झाकण उघडलं की आतून आरसा उभा राहतो, खाली फणी, कुंकू आणि मेणाचे कप्पे. (आधी कपाळाला मेण, त्यावर कुंकू. तेव्हाची स्टिकर टिकली!) सावंतवाडीच्या लाखकामाच्या रंगीत डब्या वेगळ्या, चंदनी पेट्या वेगळ्या. हस्तिदंताचं काम दिसलं तर मात्र हात मागे घ्या. कितीही जुना असला तरी भारतात त्याचा व्यापार बेकायदा आहे. दुसरी गोष्ट कायद्याचीच. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू ही पुरावस्तू ठरू शकते. तिचा धंदा करायला परवाना लागतो आणि आपल्याला ती देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा अमेरिकेतल्या ताईला गिफ्ट पाठवायचा प्लॅन असेल, तर आधी डब्याचं वय बघा.

तिकडेही हा छंद आहे बरं का! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ओतीव धातूच्या, फुलापानांच्या नक्षीच्या, आतून रेशमी अस्तर लावलेल्या डब्यांची फॅशन होती. आज तिकडे ते हौसेने जमवतात. आपल्याकडे अशा घरगुती वस्तूंचं मोल ओळखणारा माणूस म्हणजे पुण्याचे काका केळकर. त्यांनी आयुष्यभर हिंडून दिवे, अडकित्ते, फण्या, कुंकवाचे करंडे असं सगळं जमवलं. शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशा वीस हजारांवर वस्तू आहेत. राजा हे त्यांच्या लहानपणीच गेलेल्या मुलाचं नाव.

आता ते खरं कारण. माझ्या अकरा डब्यांतला पहिला डबा आजीचा.

आमचं जुनं घर सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. गोदावरीला पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे बघतात, पाणी त्याच्या कुठपर्यंत आलं, त्यावरून पुराचा अंदाज. १९६९ च्या मोठ्या पुरात पाणी बाजारात शिरलं, तेव्हा आजी चोवीस वर्षांची होती. घरात धावपळ उडाली. पुरुषांनी वह्या आणि धान्य उचललं. आजीने डबा पोटाशी धरला आणि जिना चढून माळ्यावर गेली. ‘सून मोठी सावध’ असं तिच्या सासूबाईंनी पुढे कित्येक वर्षं सगळ्यांना सांगितलं.

डबा रिकामा होता.

पाटल्या आणि गोठ आदल्याच वर्षी गहाण पडले होते, धाकट्या दिराच्या कॉलेजच्या फीसाठी. हे फक्त आजी-आजोबांना माहीत. डबा खाली राहिला असता, तर कुणीतरी ‘अगं, दागिने!’ म्हणून तो उघडला असता. ते सोनं पुढे सुटलंच नाही. हे सगळं आजीने मला सांगितलं ते मी कॉलेजात असताना, भेंडी चिरता चिरता. मी विचारलं, ‘तुला वाईट नाही वाटलं?’ म्हणाली, ‘सोन्याचं नाही गं. त्याच्या फीचं कुणी कधी नाव काढलं नाही, त्याचं वाटलं.’

आजी गेली. मग जागा बिल्डरकडे द्यायचं ठरलं आणि वाटण्या झाल्या. नंतरच्या काळात झालेलं थोडं सोनं काट्यावर वजन करून सारखं वाटलं. कुणाची तक्रार नाही. पितळेची भांडी मोडीच्या ढिगात गेली, त्यातच डबाही. मी तो मागितला, तर काका हसले. ‘त्यात काय आहे?’ होतं ना! पोस्टाचं बंद झालेलं पासबुक, शिवणाच्या मशिनच्या तीन सुया, तुटलेल्या पोतीचे काळे मणी आणि सराफाचा गुलाबी कागद, घडी घातलेला. पासबुक आजीच्या नावावरचं. दहा-दहा रुपयांच्या नोंदी.

विचार करा, घरातलं सोनं कधी एका रूपात राहतं का? आईच्या बांगड्या मोडून मुलीचा नेकलेस होतो, घट धरून, घडणावळ देऊन. पाटल्यांची फी होते, फीचा इंजिनिअर होतो. सोन्याला आठवण नसते, ते आटवलं की संपलं. डबा मात्र कुणी आटवायला नेत नाही. त्याला भावच नाही! म्हणून तो राहतो. माझ्या एका डब्याच्या कोपऱ्यात अजून कुंकू आहे. एकाचा कोयंडा पटाशीने उचकटलेला आहे. किल्ली हरवली होती की कुणी दुसऱ्यानेच उघडला, ते मला कधीच कळणार नाही. ज्या घरात बाईच्या नावावर बाकी काही नव्हतं, तिथे किल्ली कमरेला लावायला हीच एक वस्तू होती.

आज आपलं सोनं बँकेच्या लॉकरमध्ये आणि पैसे मोबाइलमध्ये. डब्याची गरज नाही, हे मान्य. तरी या वीकेंडला घरी गेलात, तर माळ्यावरचा डबा खाली काढा आणि आजी असेल तर तिला विचारा. ‘आत काय होतं?’ हे सगळेच विचारतात. तुम्ही विचारा, ते कुठे गेलं आणि कुणासाठी. चहा जास्तीचा टाका, वेळ लागेल.