पत्र्याच्या घरांतला दिवा

मातीच्या किंवा विटांच्या भिंतीचा एक मोठा गुण म्हणजे तिची सोशिकता. तिला कोठेंही खुंटी मारा, तसबीर टांगा. उद्यां तोच खिळा उपटून चार बोटें पलीकडे ठोकला, तरी चिमूटभर चुन्यानें ती जुनी जखम विसरून जाते. पत्र्याच्या घराचा स्वभाव याच्या अगदीं उलट. तें कांहींच विसरत नाहीं. त्याला पाडलेलें प्रत्येक भोंक दर मृगाला आपली आठवण करून देतें. म्हणूनच अशा घरांत दिवे टांगण्याचें काम दिसतें तितकें साधें नसतें.

२०२२ सालच्या उन्हाळ्यांत आमच्या गांवच्या वाचनालयानें परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींसाठीं एक अभ्यासिका उभारली. पैसा बेताचा, त्यामुळें लोखंडी खांब, लोखंडी कैच्या आणि वर व भोंवतीं पत्रा, एवढाच तिचा थाट. दिव्यांच्या कामावर देखरेख करण्याचें माझ्याकडे आलें, आणि त्या निमित्तानें तालुक्याच्या एका वृद्ध वायरमनच्या सहवासांत माझे आठ दिवस गेले.

पहिल्याच दिवशीं समितींतले एक गृहस्थ म्हणाले, “मिस्त्री, पत्र्यालाच चार चार स्क्रू मारा, म्हणजे झालें.” मिस्त्री वर पाहत शांतपणें म्हणाले, “अण्णा, पत्रा हा अंगरखा आहे. ओझें अंगरख्याला बांधीत नाहींत, हाडाला बांधतात.”

या एका वाक्यांत बरेंच शास्त्र होतें. छपराचा पत्रा जाडीनें जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. त्याचें बळ जाडींत नसून त्याच्या लाटांत असतें. पत्र्याला अशा लाटा पाडून त्याला ताठपणा आणण्याच्या युक्तीचें पेटंट हेन्री पामर या इंग्रज इंजिनियरानें १८२९ सालीं घेतलें. आणि लोखंडावर जस्ताचा मुलामा चढविण्याच्या रीतीचें पेटंट १८३७ सालीं फ्रान्समध्यें सोरेल यानें मिळविलें. हें जस्त मोठें परोपकारी आहे. हवापाण्याचा मारा तें स्वतः झिजून सोसतें आणि आंतल्या लोखंडाला वांचवितें. पण भोंक पाडलें कीं कडेचें लोखंड उघडें पडतें, आणि छिद्र पाडतांना उडालेला कीस पत्र्यावर तसाच राहिला, तर गंजाचे पहिले डाग त्याचेच उमटतात. शिवाय भोंकांतून आलेलें पाणी भोंकाखालींच गळेल, असाही नेम नाहीं. तें आडव्या लोखंडी पट्टीच्या पोटावरून वाहत जातें आणि दहा हात दूर बसलेल्या मुलाच्या वहीवर टपकतें.

म्हणून मिस्त्रींनीं पत्र्याला हात लावला नाहीं. ज्या आडव्या पट्ट्यांवर पत्रा टेकलेला असतो, त्यांना त्यांनीं स्क्रूनें आवळण्याच्या पकडी बसविल्या आणि पकडींना साखळ्या अडकवून दिवे खालीं सोडले. दिवा आणि पुस्तक यांतलें अंतर निम्में झालें, कीं लहानशा दिव्याचा उजेड पानावर चौपट पडतो; आणि छपरालगतची उष्णता एलईडी दिव्यांना मानवत नाहीं, तीही टळली. दहा मीटर लांबीचा लोखंडी पत्रा तीस अंशांनीं तापला तर सुमारें साडेतीन मिलिमीटरांनीं वाढतो. म्हणून तारा ताणून न बांधतां त्यांना जागोजाग ढील ठेविली. आणि जेथें तार लोखंडाच्या कडेवरून जाणार, तेथें रबरी कडें बसविलें.

इथवर कोणाची कांहीं तक्रार नव्हती. तंटा निघाला तो तिसऱ्या तारेवरून. प्रत्येक दिव्याच्या धातूच्या अंगाला हिरवी तार जोडायची, शेडच्या खांबांनाही ती जोडायची, बाहेर खड्डा खणून कोळसा आणि मीठ घालून पत्री पुरायची, आणि गळती ओळखणारा खटका बसवायचा, असें मिस्त्रींनीं सांगितलें. समितीनें खर्चाचा आंकडा पाहिला. “या तारेशिवाय दिवा लागत नाहीं का?” असा प्रश्न आला. “लागतो,” मिस्त्री म्हणाले. “अगदीं असाच लागतो.” दुसऱ्या एकानें विचारलें, “खांब तर जमिनींत गाडलेलेच आहेत. मग वेगळी तार कशाला?” त्यावर उत्तर आलें, “कोरड्या काँक्रीटच्या भरंवशावर मी पोरांना बसवणार नाहीं. ती तार नको असेल तर काम दुसऱ्याकडून करून घ्या.”

त्यांचा हा हट्ट मला त्या वेळीं पटला आणि आजही पटतो. विटांच्या घरांत एखाद्या दिव्याची तार उघडी पडली, तर धोका त्या दिव्याला हात लावणाऱ्यापुरता असतो. पत्र्याच्या घरांत तसें नाहीं. दिव्यांतून ती वीज साखळींत, साखळींतून पकडींत, पकडींतून कैचींत आणि खांबांत उतरते; मग दाराची कडीसुद्धां दिव्याचेंच अंग होते. ओल्या पायांनीं आंत येणाऱ्या मुलीला त्या दिव्याची कांहींच माहिती नसते. पण २३० व्होल्टांची वीज तिच्या हातापायांतून जमिनीची वाट शोधते. तिसरी तार असली म्हणजे तिला सोपी वाट मिळते, आणि ३० मिलिअँपिअर गळती झाली कीं खटका पडून सारें बंद होतें. लोखंडाच्या घरांत कोणताही दोष खाजगी राहत नाहीं, हेंच खरें.

आणि पत्र्याचीं घरें बांधतो कोण? ज्याला विटा परवडत नाहींत तो. बांधकामावरच्या मजुरांच्या झोंपड्या, रस्त्याकडेच्या टपऱ्या, लहान कारखाने, सारे पत्र्याचेच. जेथें ही तार सर्वांत अधिक हवी, नेमकी तेथेंच ती पैशासाठीं वगळली जाते. कारण तिच्यावांचूनही दिवा लागतो. पत्र्यांत वीज उतरून माणूस दगावल्याची बातमी पावसाळ्यांत आपण वाचतों, हळहळतों, आणि तिला दैवाचें नांव देतों. तो पुष्कळदां दैवाचा खेळ नसतो. वांचविलेल्या कांहीं रुपयांचा हिशेब असतो.

समितीनें अखेर खर्च मंजूर केला. मिस्त्री जातांना एवढेंच सांगून गेले, “गुरुजी, खड्डा उन्हाळ्यांत कोरडा पडूं देऊं नका.” आतां अभ्यासिकेंतलीं मुलें मार्च महिन्यापासून पाळीपाळीनें त्या खड्ड्यांत बादलीभर पाणी ओततात. पाणी कशाला, हें नव्या मुलाला जुना मुलगा समजावून सांगतो.