निळ्यातली पांढरी पट्टी

गेल्या पावसाळ्यापासून ब्रश धरताना माझा उजवा अंगठा थरथरतो. क्रायोस्टॅटच्या उणे २० अंशांत तीसेक वर्षं हात घातल्यावर दुसरं काय होणार? वज्रेश्वरीला घरी आलो की शेजारच्या काकू म्हणतात, अकलोलीच्या कुंडात हात बुडवून बसा. बसतो. बरं वाटतं. पण आठ मायक्रॉनचा काप ब्लेडवर गुंडाळून जायच्या आत ब्रशच्या दोन केसांनी धरायचा असतो, तिथं नुसतं बरं वाटून भागत नाही.

शाळेच्या पुस्तकात ज्याला विकर म्हणतात, त्याला आम्ही एन्झाइम म्हणतो. आणि माझ्या एन्झाइमला लॅबमध्ये नुसतं ‘नाइन’. एमएमपी-९. तोंडाच्या अस्तराखाली चौथ्या प्रकारच्या कोलॅजनची पातळ जाळी असते, ती हे कुरतडतं. जाळी फाटली की गालातला कॅन्सर खाली उतरतो आणि पुढं मानेच्या गाठींकडे निघतो. गाठीचा तुकडा वाटून जिलेटिन मिसळलेल्या जेलमधून सोडायचा; जेल निळं रंगवलं की जिथं एन्झाइमनं जिलेटिन खाल्लं, तिथं पांढरी पट्टी उरते. माझ्या पट्ट्या काठ आखल्यासारख्या सरळ यायच्या. दुसऱ्या विभागांतले लोक त्या बघायला यायचे आणि मी काहीतरी काम काढून तिथंच रेंगाळायचो.

या सरळ पट्टीनं मला बरीच वर्षं फसवलं. खरं म्हणजे मी फसवून घेतलं. नाइन पेशीतून बाहेर पडतं ते म्यानातल्या सुरीसारखं. त्याच्याच साखळीतला एक सिस्टीन जस्ताच्या अणूवर झाकण घालून बसलेला असतो. व्हॅन वार्ट आणि बिर्केडाल-हॅनसेन यांनी ही कळ १९९० मध्ये उलगडून दाखवली. पण आमच्या जेलमधलं एसडीएस हे रसायन प्रोटीन उलगडतं, झाकण निघतं, आणि निजलेलं एन्झाइमसुद्धा पुढं जिलेटिन खायला लागतं. म्हणजे ९२ किलोडाल्टनची पट्टी सांगते ती ताकद. रुग्णाच्या गालात ती वापरली गेली का, हे ती सांगत नाही. मला हे तोंडपाठ होतं. तरी एका परिषदेत मी ९२ची जाडजूड पट्टी पडद्यावर लावली आणि ‘बघा, गाठ किती आक्रमक’ असं म्हणून गेलो. टाळ्या पडल्या. शेजारची ८२ची पट्टी, खरी जागी झालेली, जेलवर जेमतेम दिसत होती. ती मी फोटोतून कापलीच होती.

मग माझ्या हाताखाली भिवंडीच्या पद्मानगरातली एक मुलगी आली. घरात तीन पिढ्या यंत्रमाग. कापडातला दोष कुठून सुरू झाला हे बघायची सवय तिला घरातूनच लागलेली. पहिल्याच महिन्यात तिनं विचारलं, “सर, आपण तुकडा वाटून घेतो. मग ही कात्री नेमकी कोणाच्या हातात होती ते कसं कळणार?”

मी तिला वाचायला तीन निबंध दिले. उत्तर नव्हतं म्हणून दिले.

कारण नाइन एकट्या कॅन्सरपेशीची मालमत्ता नाही. शेजारच्या साध्या पेशी ते बनवतात, मॅक्रोफेज बनवतात, आणि न्यूट्रोफिल तर ते कणांत भरून तयारच ठेवतात. गालातली गाठ चिघळलेली असेल, वर पू असेल, तर न्यूट्रोफिलांची झुंडच असते तिथं. वाटलेल्या तुकड्यात सगळ्यांच्या कात्र्या एकत्र. तशी ही एन्झाइमं शरीराच्या रोजच्या कामातलीच. या घराण्यातलं पहिलं एन्झाइम ग्रॉस आणि लापिएर यांना १९६२ मध्ये बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत सापडलं, ती विरघळते कशी हे शोधताना. तानसेच्या काठच्या भातखाचरांत आम्ही पोरं त्या शेपट्या आखूड होताना बघायचो; तिथं एन्झाइम राबत असेल हे कोणाच्या डोक्यात येणार? पुढं बॅटिमास्टॅट, मॅरिमास्टॅट ही औषधं आली आणि त्यांनी सगळ्याच कात्र्या बांधून ठेवल्या. रोग्यांचे सांधे दुखायला लागले, कॅन्सर मात्र हटला नाही.

तेव्हा आम्ही जागेवरच बघायचं ठरवलं. न गोठवता काम नाही आणि फॉर्मालिन तर नकोच, त्यानं एन्झाइम मरतं. ताजा तुकडा गोठवायचा, काप तुटलं की चमकणाऱ्या जिलेटिनवर ठेवायचा, आणि कुठं उजळतं ते बघायचं. इथंच माझी खरी डोकेदुखी सुरू झाली. गालाच्या तुकड्याला वर तंबाखूनं राठ झालेली कातडी, खाली चरबी. उणे २०ला चरबी नीट गोठत नाही आणि राठ भाग तडकतो. दोन्हींच्या ओढाताणीत काप फाटतो तो नेमका अस्तर आणि मांस यांच्या सांध्यावर, म्हणजे मला बघायची त्याच जागी. आता ते भोक कॅन्सरनं पाडलं की माझ्या अंगठ्यानं? तापमान उतरवलं, ब्लेड बदलली, तुकडा उभा-आडवा लावून पाहिला. रात्री स्वप्नात सुद्धा तो सांधा यायचा.

हल्लीची मंडळी अँटिबॉडीचं किट आणतात, तपकिरी रंग मोजतात आणि ‘नाइन वाढलेलं आहे’ असं लिहून मोकळी होतात. नेहमीची अँटिबॉडी म्यानातली सुरी आणि उपसलेली सुरी यांत फरक करीत नाही. आमची पट्टी निदान वजनावरून तो फरक करते. हा माझा जुना हट्ट समजा. पण किटवाल्यांची नोंद माझ्याहून नीटनेटकी असते, हेही कबूल करतो.

मला वाटायचं, गाठ मानेत उतरणार का हे एक दिवस माझी पट्टी आधीच सांगेल. मान हाताला स्वच्छ लागते, मग ती आत्ताच उघडायची की वाट बघायची, हा सर्जनांचा जुना वाद. त्याचं उत्तर २०१५ मध्ये टाटा मेमोरियलच्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी दिलं: ५०० रुग्णांच्या विश्लेषणात, आधीच मानेच्या गाठी काढलेल्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी जिवंत होते, वाट बघितलेल्यांपैकी ६७.५. सुरी सर्जनची, हिशेब वर्षानुवर्षांचा. त्यात एन्झाइमचं नाव नाही. तो निबंध वाचून मला आनंद कमी आणि हेवा जास्त वाटला.

निवृत्तीच्या दिवशी मी त्या मुलीला माझ्या सगळ्या वह्या दिल्या, परिषदेतल्या त्या जेलच्या पानासकट. कापलेली पट्टी मी पेन्सिलीनं परत काढून ठेवली होती. परवा देवीच्या पायऱ्या उतरत होतो तेव्हा तिचा फोन आला.

“सर, त्या ९२वाल्या रुग्णाचं तोंड चिघळलेलं होतं का? वहीत सापडत नाही.”

वहीत तारीख आहे, तापमान आहे, जेलची टक्केवारी आहे. जखमेचा रकाना मी कधी आखलाच नव्हता.